दवातून दक्षिणेकडे: डिसेंबरातले कोकणातील सहा दिवस

निघण्यापूर्वी

पुण्याहून निघून ताम्हिणी घाटाने किनाऱ्यावर उतरायचे, खाड्या ओलांडत दक्षिणेकडे गणपतीपुळ्यापर्यंत जायचे आणि आंबा घाटाने वर यायचे, असा बेत डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यासाठी ठरला. मी गाडीची तयारी करू लागलो तेव्हा शेजाऱ्यांनी "कोकणात कसली आली आहे थंडी?" असे म्हणून मला वेड्यात काढले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. हिवाळ्यातील वाहनचालनाविषयी जे वाचायला मिळते ते बहुतेक बर्फाच्या मुलखातले असते. तेथे चाकांना साखळ्या बांधतात आणि कूलंट घालतात तो मुख्यतः रेडिएटरमधले पाणी गोठू नये म्हणून. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक) असे मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपास गोठते. आपल्याकडे तो गुण वाया जातो, पण घाट चढताना पाणी लवकर उकळू नये आणि इंजिन आतून गंजू नये यासाठी कूलंट लागतोच, म्हणून मी त्याची पातळी तेवढी पाहून घेतली. कोकणात थंडीच्या दिवसांत गाडीला छळतो तो गारठा नव्हे, दव; आणि ते जिथे पोहोचेल अशी कल्पनाही येत नाही तिथे पोहोचते, हे मला या सहा दिवसांत समजले.

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी. टायरच्या कडेला कोरलेल्या शेवटच्या चार आकड्यांवरून तो कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात तयार झाला ते कळते. आमचे चारही टायर तीन वर्षांच्या आतले निघाले, स्टेपनी मात्र गाडीइतकीच जुनी होती, म्हणून ती बदलली. टायरच्या खाचांमध्ये मध्येमध्ये जे छोटे उंचवटे असतात ते 1.6 मिलिमीटरची खूण दाखवतात. खाच झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला असे समजावे, कारण ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारण्याचे काम त्या खाचाच करतात.

ब्रेक ऑइलबद्दल मेकॅनिकशी थोडा वाद झाला. "लेव्हल बरोबर आहे, कशाला बदलता?" असे त्याचे म्हणणे होते. पातळी बरोबर असली तरी ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहते आणि ओल शोषली की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट 4 प्रकारच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. ठरावीक प्रमाणात पाणी मिसळलेल्या त्याच ऑइलसाठी हे प्रमाण 155 अंश आहे. लांब उतारावर ब्रेक तापून आत वाफ धरली की पेडल स्पंजासारखे खाली जाते आणि गाडी थांबत नाही. आमचे ऑइल बदलून चार वर्षे झाली होती. ते काढल्यावर चहाच्या रंगाचे दिसले, तेव्हा मेकॅनिक काही बोलला नाही.

वायपरचे रबर बदलले, काच धुण्याच्या पाण्यात गाडीच्या शाम्पूचे थोडे थेंब टाकले, काच आतूनही पुसून घेतली, कारण आतल्या काचेवर जो तेलकट थर साचतो त्यावर वाफ लवकर धरते. एवढे सगळे केले आणि बॅटरी तपासायची राहिली.

पहिला दिवस: पुणे ते हरिहरेश्वर

आदल्या दिवशी दुपारी पेट्रोलपंपावर चारही चाकांत 33 पौंड हवा भरून घेतली होती. सकाळी सहाला खिशातल्या मापकाने पाहिले तर काटा 30 वर. गळती कुठेच नव्हती. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधला दाब एका पौंडाने उतरतो, आणि दुपारच्या 28 अंशांवरून पहाटेच्या 12 अंशांवर आल्यावर तीन पौंड गेले हा साधा हिशेब झाला. म्हणूनच कंपनीने सांगितलेला आकडा हा थंड टायरचा असतो. वाटेत पिरंगुटला, गाडी फारशी तापण्याआधी, हवा पुन्हा भरून घेतली.

मुळशी धरणाच्या काठाने जाताना सव्वासातच्या सुमारास धुके लागले. रात्रभर निरभ्र आकाशाखाली जमीन गार होते, जलाशयाजवळची हवा ओलसर असते, त्यामुळे धुके तेथे आधी धरते आणि सूर्य उगवल्यावरही काही वेळ दाटच राहते. रस्त्याकडेचा विजेचा एकच खांब दिसत होता, म्हणजे नजर फार तर तीस मीटर पोहोचत होती. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते; अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर सतरा मीटर संपले, आणि ओल्या डांबरावर गाडी थांबेपर्यंत आणखी दहा-अकरा. हा हिशेब जेमतेम बसतो. तोच वेग 60 असेल तर जवळपास पन्नास मीटर लागतात, म्हणजे समोरची वस्तू दिसते तेव्हाच ती चुकवण्याची वेळ टळून गेलेली असते. मी तिसावर आलो आणि दिवा डिपरवर ठेवला. अप्पर लावला की धुक्यातल्या थेंबांवरून प्रकाश उलटून आपल्याच डोळ्यांत येतो आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते.

आमच्यापुढे एक गाडी चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून चालली होती. धुक्यात असे करणे सुरक्षित असते, ही समजूत आता इतकी पसरली आहे की न करणाऱ्यालाच लोक निष्काळजी ठरवतात. ती गाडी एकाएकी उजवीकडे चहाच्या टपरीकडे वळली. तिने वळण्याची खूण केली असेलही, पण चारही दिवे आधीच लुकलुकत असताना ती ओळखायची कशी? मी अंतर ठेवले होते म्हणून निभावले. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत, चालत्या गाडीसाठी नव्हेत.

ताम्हिणीचा उतार दुसऱ्या गियरमध्ये, अधूनमधून तिसऱ्यात उतरलो. मागे बसलेले बाबा स्वतः चाळीस वर्षे गाडी चालवत आले आहेत. "ज्या गियरने चढला असतास, त्याच गियरने उतर," एवढेच ते म्हणाले आणि डोळे मिटून बसले. पेट्रोल वाचावे म्हणून न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या दोन गाड्या आम्हाला मागे टाकून गेल्या आणि पुढच्या वळणावर ब्रेकच्या जळक्या वासावरून पुन्हा ओळखू आल्या. विळ्याला पोहोचेपर्यंत उन्हे चढली होती, आणि माणगाव, म्हसळे, श्रीवर्धन करत हरिहरेश्वराला पोहोचेपर्यंत स्वेटर डिकीत गेले होते.

दुसरा दिवस: हरिहरेश्वर ते केळशी

गाडी रात्री समुद्राच्या तोंडाला उभी केली होती. सकाळी काचेवर दव होते आणि त्यात खारट बारीक तुषार मिसळलेले होते. वायपर फिरवताच काचभर दुधासारखा पट्टा ओढला गेला. असल्या काचेवर कोरडा वायपर फिरवू नये, कारण मीठ आणि वाळू मिळून काचेवर ओरखडे उठतात आणि पुढे समोरून येणारा प्रत्येक दिवा त्या ओरखड्यांत फुटून दिसतो. तांब्याने गोडे पाणी ओतले, वायपर उचलून रबर ओल्या फडक्याने पुसले, मग निघालो.

बागमांडल्याहून वेसवीपर्यंत सावित्रीची खाडी फेरीबोटीने ओलांडावी लागते आणि रायगड जिल्ह्यातून रत्नागिरी जिल्ह्यात प्रवेश होतो. ओहोटी असल्याने धक्क्याच्या उताराचा खालचा भाग उघडा पडला होता आणि त्यावर शेवाळ चकाकत होते. अशा ठिकाणी मध्येच थांबू नये, एक्सलरेटरही दाबू नये, पहिल्या गियरमध्ये चाके सावकाश वळू द्यावीत. बोटीवर हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गियरमध्येच ठेवली. नाना फडणवीसांचे वेळास पाहून संध्याकाळच्या आत केळशी गाठली. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्याआधीचा पाऊण तास दक्षिणेकडे जाणाऱ्याला उजव्या बाजूने डोळ्यांत ऊन घेत गाडी हाकावी लागते, आणि खारावलेल्या काचेतून तर पुढचे काहीच दिसत नाही.

तिसरा दिवस: केळशी ते दापोली

ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काका सकाळी साडेसहाला अंगणात उभे होते. वाडीत पाऊस पडावा तसा टपटप आवाज येत होता. पोफळीच्या झावळ्यांवर साचलेले दव खालच्या पानांवर गळत होते. "आठ वाजेपर्यंत थांबा हो, चहा घ्या. दव उतरलं की निघा," असे ते म्हणाले. थंडी चांगली पडली की आंब्याला मोहोर येतो, पण धुके आणि ढगाळ हवा टिकली की तोच मोहोर काळा पडतो, म्हणून त्यांचे डोळे माझ्या गाडीवर नव्हते, वरच्या कलमांवर होते. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला सकाळी सकाळी पोहोचावे अशी माझी हौस. मी त्यांचे ऐकले नाही.

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, हवा काचेसारखी स्वच्छ होती. कातळ उघडा असतो, वारा असतो, तेथे धुके टिकत नाही. तिघांच्या श्वासाने काच आतून धुरकटू लागली म्हणून मी एसी लावला, तापमान सर्वांत खाली नेले आणि झोत काचेवर सोडला. एसी हवा कोरडी करतो, त्यामुळे आतली वाफ लगेच गेली आणि मला माझ्या ज्ञानाचे कौतुक वाटले. मग रस्ता खाडीच्या बाजूला उतरू लागला. दोन वळणांनंतर समोरची काच एका क्षणात पांढरी झाली. मी फडक्याने पुसली, ती तशीच. पुन्हा जोरात पुसली, तरी तशीच. "अहो, बाहेरून आहे ते!" असे म्हणून पत्नीने हात लांब करून वायपरची कांडी ओढली.

काच स्वच्छ झाली तेव्हा पुढे रस्त्यावर हिरव्या फांद्यांचा ढीग होता. मी ब्रेक दाबला. वेग तिसाच्या आत होता, गाडी फांद्यांवर चढून थांबली आणि खालून पाने चिरडल्याचा ओला आवाज आला. फांद्यांच्या पुढे वीसेक पावलांवर जांभ्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक मागचे चाक वाकडे करून उभा होता. त्याला दिवा नव्हता, परावर्तक पट्टी लाल धुळीने बुजलेली होती. क्लीनर चिऱ्यावर बसून विडी ओढत होता. तो सावकाश उठून आला, चाकाखालच्या फांद्या ओढून पुन्हा नीट रचल्या आणि म्हणाला, "आमच्याकडं त्रिकोण नाय साहेब, पण फांद्या कोकणात फुकट." माझ्या डिकीत बंद पडलेल्या गाडीमागे ठेवायचा, इशारा देणारा त्रिकोण होता. तो मी त्याला देऊन टाकला. त्या क्षणी तो माझ्यापेक्षा त्याला अधिक शोभत होता.

झाले होते ते असे. गार झोताने मी काच इतकी थंड केली होती की खाडीकडची उबदार, ओली हवा बाहेरून तिला लागताच तिच्यावर दव धरले. थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटते, तसेच. काच धुरकटली की आधी बोटाने आतून रेघ ओढून पाहावी. रेघ उमटली तर वाफ आतली आहे: एसी चालूच ठेवावा, पण तापमानाचा खटका उबेकडे न्यावा आणि आतलीच हवा फिरवणारे बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्यावी. रेघ उमटली नाही तर दव बाहेरचे आहे: वायपर फिरवावा, झोत काचेवरून काढावा आणि एसीची थंडी कमी करावी. मला यातला अर्धाच नियम ठाऊक होता. तेथेच बाजूला, रस्त्यापासून पुरते खाली उतरून, साडेआठपर्यंत थांबलो. काकांकडचा चहा मात्र हुकला.

कड्यावरच्या गणपतीहून सुवर्णदुर्ग लख्ख दिसला. पुढे हर्णै करून महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या मुरुडला पोहोचलो तेव्हा पुळणीवर गर्दी जमली होती. बाहेरगावची एक मोठी गाडी वाळूत रुतली होती आणि भरतीचे पाणी चढत होते. चालवणारा एक्सलरेटर दाबत होता आणि प्रत्येक दाबाबरोबर चाके आणखी खोल जात होती. वाळूत चाक फिरले की ते स्वतःचाच खड्डा खणते. थांबून चाकांपुढची वाळू उपसावी, हवा निम्मी करावी, फळ्या किंवा झावळ्या घालाव्यात, हे उपाय वेळ असेल तर लागू पडतात. येथे वेळ नव्हता. शेवटी गावातला ट्रॅक्टर आला, पण तोवर लाटा दारापर्यंत लागून गेल्या होत्या. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, त्यामुळे काल याच वेळी वाळू कोरडी होती या भरवशाला अर्थ नाही. शिवाय या किनाऱ्यावर थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, आणि वाळूखालचे घरटे गाडीवाल्याला दिसत नाही. किनाऱ्यावर गाडी नेण्यात पराक्रम काय असतो ते मला कळलेले नाही. आम्ही चपला काढून चालत गेलो.

चौथा दिवस: दापोली ते गुहागर

दापोली समुद्रापासून जवळ असली तरी उंचावर आहे आणि कोकणातली खरी थंडी तेथेच लागते. सकाळी किल्ली फिरवली, तर नुसते टक् झाले. रात्री सामान काढताना डिकीचे झाकण नीट बसले नव्हते आणि आतला दिवा पहाटेपर्यंत जळत होता. बॅटरी पाच वर्षांची. गारठ्यात बॅटरीची ताकद घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेले तेल ढवळायला इंजिनला ती अधिक लागते, त्यामुळे जुनी बॅटरी नेमकी थंडीतल्या सकाळीच दगा देते. पुण्यात दोन मिनिटांत मीटर लावून पाहता आले असते: विश्रांतीत असलेली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे ती निम्मी रिकामी.

शेजारच्या खोलीतल्या प्रवाशांकडे केबल होत्या. ते चारही चिमटे धडाधड बॅटऱ्यांना लावणार होते, तेवढ्यात लॉजवाल्यांनी बोलावलेला मेकॅनिक पोहोचला. त्याने त्यांच्या हातातून केबल जवळजवळ हिसकावूनच घेतल्या. लाल चिमटा आधी आमच्या बॅटरीच्या धन टोकाला, लालचे दुसरे टोक त्यांच्या धनाला, काळा त्यांच्या ऋणाला, आणि काळ्याचे शेवटचे टोक आमच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून ज्वलनशील वायू सुटत असतो, हे त्याचे कारण. गाडी चालू झाली. मग त्याने टर्मिनलवर साचलेली हिरवी-पांढरी भुकटी मला दाखवली. "ही बघा दादा, समुद्राची हवा. पुण्यातूनच आणलेली आहे, चार दिवसांत नाही झालेली, पण इथं आल्यावर वाढली." खाण्याचा सोडा कालवलेल्या गरम पाण्याने त्याने टर्मिनल धुतले, फडक्याने कोरडे केले आणि वर व्हॅसलिन चोपडले. तरीही मी नवी बॅटरीच बसवून घेतली. पुढे दोन बोटी आणि एक घाट बाकी होता आणि मागे एकाहत्तर वर्षांचे बाबा बसले होते.

या सगळ्यात अकरा वाजले, दव केव्हाच ओसरले होते, आणि दाभोळपर्यंतचा रस्ता सहा दिवसांतला सर्वांत सुखाचा ठरला. वाशिष्ठीची खाडी बोटीने ओलांडून धोपाव्याला उतरलो आणि दुपारच्या जेवणाला गुहागरात होतो.

पाचवा दिवस: गुहागर ते गणपतीपुळे

या दिवशी आम्ही मुद्दाम नऊ वाजता निघालो. वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, तेथून बोटीने जयगड आणि मग केशवसुतांचे मालगुंड. जयगडच्या बाजूला बंदराकडची अवजड वाहने भेटतात, आणि चढाच्या अरुंद वळणांवर खालून येणाऱ्या गाडीला वाट द्यावी हा डोंगरातला नियम त्यांचे चालक आपल्यापेक्षा चोख पाळतात, हे नोंदवण्यासारखे आहे. चढावर थांबलेल्या भरल्या गाडीला पुन्हा उठताना किती कष्ट पडतात ते त्यांनाच ठाऊक असते.

सहावा दिवस: आंबा घाटाने वर

पाली, नाणीज, साखरपा करत घाटाच्या पायथ्याशी आलो तेव्हा दहा वाजून गेले होते. धुक्याची शेवटची शेपटी दरीत पडलेली होती. चढताना एसी बंद ठेवला, इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. घाटमाथ्यावर पोहोचताच हवेचा पोत बदलला, ओल संपून कोरडा गारवा आला आणि काच उरलेला दिवसभर पुसावी लागली नाही.

मलकापूरहून कोकरुडमार्गे कऱ्हाडकडे निघाल्यावर मात्र हिवाळ्याचे दुसरेच रूप भेटले. गळीत हंगाम चालू होता. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाजूंनी लोंबणारा ऊस, मागे दिव्याचे नाव नाही. दिवसाउजेडी ते फक्त संथ अडथळे असतात. अंधारात ते दिसतच नाहीत. आम्ही वाटेत जेवणाला फार वेळ न घालवता अंधाराआधी कऱ्हाडला महामार्ग गाठला आणि खंबाटकीच्या बोगद्यानंतरची वळणे सावकाश घेत रात्री साडेनऊला घरी पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी गाडी धुवायला नेली आणि वरून नको पण खालून नीट धुवा, असे सांगितले. गाडी उचलल्यावर चाकांच्या कमानीतून आधी लाल चिखल आणि मग बराच वेळ वाळू गळत राहिली. सायलेन्सरच्या पट्टीवर, जेथे निघण्यापूर्वी मी मुळीच पाहिले नव्हते तेथे, ताज्या गंजाचे नारिंगी ठिपके उठले होते. पाइप धरलेला मुलगा वाकून म्हणाला, "साहेब, समुद्रात घातली होती काय?" खाड्यांवरच्या बोटी सोडल्या तर समुद्रापासून पन्नास पावलांच्या आत ती एकदाही गेली नव्हती. मी त्याला आणखी दहा मिनिटे पाणी मारायला सांगितले.